गजावरची खूण

काकाची तीन बोटं मी गवतात शोधली. दोन मिळाली. तिसरं बहुधा आमच्याच कुत्र्याने नेलं. मी तेव्हा इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो, सुट्टीत कोकणात घरी आलो होतो.

आमची बंदूक ठासणीची, शेतीच्या राखणीसाठी परवाना असलेली. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर काथ्या, मग छर्रे, आणि लोखंडी गजाने ठासायचं. त्या दिवशी काकाचा पहिला बार उडालाच नाही. तासाभराने रानडुक्कर पुन्हा आला. आत जुना बार तसाच आहे हे काका विसरला आणि त्याने वरून दुसरा भरला. चाप ओढला तशी नळीच फुटली. डुकराने जाता जाता दुसऱ्या कुत्र्याचं पोट फाडलं.

बाबाने नवी नळी बसवून घेतली आणि गजावर कानशीने एक खूण केली. बंदूक रिकामी असली की गज खुणेपर्यंत आत जातो. भरण्याआधी गज घालून बघायचा, हा घरचा नियम झाला.

पुढे मी सिंगापूरला नोकरीला आलो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही. एका रविवारी मुलीला घेऊन पुलाउ उबीन बेटावर सायकली चालवायला गेलो होतो. वाटेत एक डुकरीण पिल्लांसह उभी होती आणि लोक फोटो काढत होते. मुलगी सिंगापुरी ढंगात म्हणाली, "सो क्यूट लाह." माझ्या डोळ्यांसमोर कुत्र्याची आतडी आली. मी तिला दंडाला धरून मागे ओढलं, इतक्या जोरात की ती रडली.

तेवढ्यात बाबाचा व्हिडिओ कॉल आला. बंदुकीचा घोडा सैल झाला होता आणि सकाळपासून दोनदा चाप ओढूनही बार उडाला नव्हता. कारागीर म्हणत होता, घोडा बदलू या, नाहीतर काडतुसाची नवी घ्या. मी नवीच घे म्हटलं. बाबाला जुनीच दुरुस्त करायची होती. डुक्कर अजून कुंपणाशी होता आणि बाबाला आणखी एकदा बार टाकून बघायचा होता.

"तुमच्या कॉलेजात बंदूक शिकवतत काय रे?"

"मापूक शिकवतत. गज घाल तेच्यात. माका दाखव."

रिकामी आहे, आत्ता भरणारच होतो, असं पुटपुटत त्याने फोन पायरीवर टेकवला आणि गज आत सोडला. गज मध्येच अडला. खूण नळीच्या तोंडापासून वीतभर वरच राहिली. एका बाराची उंची मला ठाऊक होती. हे दोन होते, सकाळचे न उडालेले; काकासारखाच बाबाही ते विसरला होता. तिसरा भरायला दारूचा डबा शेजारी उघडा होता.

बाबाने खुणेवर बोट टेकवून पाहिलं. मग उठून त्याने दारू भिजावी म्हणून तांब्याभर पाणी नळीत ओतलं.

मी म्हटलं, उद्याच नवी बघू. पैसे मी देतो.

"नवी घेतलंस तरी भरतलंय मीच मा?"

पुढच्या आठवड्यात त्याने बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली. त्या वर्षी डुकरांनी रताळ्यांचा अख्खा वाफा उपसला. बाबाने डुकरांना, मला आणि माझ्या कॉलेजला मोजून शिव्या घातल्या. बोलताना दोन्ही हात कॅमेऱ्यासमोर नाचवत होता. इकडे सिंगापुरात, पुंगोलच्या फ्लॅटमध्ये बसून मी ते हात बघत होतो, आणि त्याला बोलू दिलं.