सरदारसाठी स्थळ

कुत्र्यांचे केस आणि कुत्र्यांचे किस्से, दोन्ही एकदा अंगाला चिकटले की निघत नाहीत. मी आठवड्यातून दोनदा कोथरूडहून दोन बस करून वाघोलीच्या पुढे एका कुत्र्यांच्या शेल्टरमध्ये जातो. परत आलो की माझी बायको सुधा मला दारातच उभं करून ब्रशने झटकते, कारण तिला दमा आहे. केस पायपुसण्यावर पडतात. किस्से मात्र आत येतात, जेवायला बसतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या कट्ट्यावर हजर होतात.

कट्ट्यावरच्या इतरांकडे सांगायला शुगर आहे, गुडघे आहेत, अमेरिकेतली नातवंडं आहेत. माझ्याकडे हे आहेत. ते सांगण्यासारखे आहेत का, याबद्दल मी साशंक आहे. पण मी कशाबद्दल साशंक नाही?

*

शेल्टर चालवतात वैशालीताई. पूर्वी त्या बँकेत मॅनेजर होत्या. अजूनही समोरच्याकडे तो कर्ज मागायला आल्यासारख्या बघतात.

पहिल्या दिवशी मी माझी ओळख करून दिली. भौतिकशास्त्रात पीएच.डी., कॉलेजात अनेक वर्षं अध्यापन, काही शोधनिबंध वगैरे. त्यांनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"कुत्र्यांची भीती वाटते?"

"खरं सांगायचं तर, थोडी."

"छान. त्यांनाही तुमची वाटते. उद्यापासून या!"

*

आता सरदार. रंग तांबूस, एक कान उभा, एक पडलेला. नाव सरदार आणि आख्ख्या शेल्टरमधला सगळ्यात घाबरट प्राणी.

तो कर्वेनगरला एका एकट्या आजोबांकडे वाढला होता. मऊ गादी, हळू आवाजातला रेडिओ, संध्याकाळी एक चक्कर. आजोबा गेले. मुलगा परदेशातून आला, दिवसकार्य उरकलं, फ्लॅट विकायला काढला आणि सरदारला आमच्याकडे सोडून परत गेला. रेडिओची सवय असलेला कुत्रा एकदम शंभर भुंकणाऱ्यांत येऊन पडला. दिवसभर तो केनेलमध्ये गोल गोल फिरायचा. पुढचा पंजा चाटून चाटून लाल केलेला. ताटलीतलं अन्न तसंच.

आमच्या व्हेट डॉ. कांबळे. वयाने तरुण, बोलणं मोजकं. त्यांनी त्याला तपासलं आणि स्टेथोस्कोप गळ्यात टाकत म्हणाल्या, "याच्यावर माझ्याकडे औषध नाही. याला घर हवंय. आणि तुळशीचं लग्न व्हायच्या आत हवंय."

तुळशीच्या लग्नाचा संबंध असा, की शेल्टरच्या भिंतीला लागून एक मंगल कार्यालय आहे. लॉन्स म्हणायचं. तुळशीचं लग्न लागलं की तिथे माणसांची सुरू होतात. डीजे, ढोल, फटाक्यांच्या माळा. गेल्या सीझनच्या शेवटच्या लग्नात सरदार पाण्याच्या टाकीमागे असा जाऊन अडकला, की टाकी रिकामी करून सरकवावी लागली. बाहेर आला तेव्हा उभा राहू शकत नव्हता.

"असा आणखी एक सीझन याला झेपणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "सर, तुम्हीच का नाही नेत?"

मी सुधाच्या दम्याचं सांगितलं. घरी येऊन सुधालाही हे संभाषण सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दमा राहू दे. घरात एक घाबरट पुरेसा आहे!"

*

घाबरलेल्या कुत्र्यासाठी आमच्याकडे एक पद्धत आहे. त्याच्या केनेलमध्ये पाठमोरं बसायचं, त्याच्याकडे बघायचं नाही, आणि एका सुरात काहीतरी मोठ्याने वाचायचं. अर्थाशी त्याला देणंघेणं नसतं. माणसाचा आवाज आणि त्यात धोका नाही, एवढं त्याला कळलं की झालं.

काय वाचावं यावर मी दोन दिवस विचार केला. वर्तमानपत्र नको, त्यात खून असतात. वाचताना माझाच आवाज चढायचा. शेवटी मी माझा पीएच.डी.चा प्रबंध नेला. विषय, द्रवांचा पृष्ठताण.

तिसऱ्या प्रकरणाच्या आसपास मागचं गोल गोल फिरणं थांबलं. चौथ्यात धप्प असा आवाज आला. मी घाबरून वळून बघितलं, तर सरदार आडवा होऊन घोरत होता!

तेवढ्यात सानिका आली. आयटीतली मुलगी, शनिवार-रविवार आमच्याकडे काम करते. ती पाय न वाजवता आली आणि कुजबुजली, "सर, प्लीज थांबू नका. पूर्ण लाइन झोपलीये. बारा नंबरचा तर चावरा आहे, तोही!"

घरी आल्यावर मी सुधाला म्हटलं, "इतक्या वर्षांत माझा प्रबंध पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडला."

"पहिल्यांदा नाही," सुधा म्हणाली. "लग्नानंतर मलाही वाचून दाखवला होतात."

*

स्थळ शोधायचं म्हणजे जाहिरात आली. सोशल मीडियावर टाकण्यासाठी सरदारची माहिती लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी शिकलेला. मी एक रात्र जागून मसुदा केला. 'सदर कुत्रा सध्या पुरेसे अन्न घेत नाही. त्याच्या स्वभावाविषयी ठोस विधान करण्याइतका पुरावा तूर्त उपलब्ध नाही. तो सुधारेल अशी आशा आहे, परंतु हमी देता येत नाही.'

वैशालीताईंनी वाचलं. चष्मा काढला. "सर, याला घर द्यायचंय की अग्नी?"

मग सानिकाने नवीन लिहिलं. 'शांत, घरगुती, मनमिळाऊ.' मी हरकत घेतली, की सरदार आजवर एकाही प्राण्याशी मिळून वागलेला नाही, तेव्हा मनमिळाऊ हे असत्य आहे.

"सर," सानिका म्हणाली, "मॅट्रिमनी साइटवर मीसुद्धा मनमिळाऊ आहे!"

*

पहिलं स्थळ कोथरूडचं आलं. आई, वडील, दोन मुलं आणि आजी. सगळे इस्त्रीचे कपडे घालून. सरदारला बाहेर आणलं. तो भिंतीकडे तोंड करून बसला. आजींनी त्याला मागून पुढून बघितलं, चालवून दाखवायला सांगितलं, आणि मग वैशालीताईंना म्हणाल्या, "अहो, याहून जरा उजळ नाही का एखादा?"

"आहे ना," वैशालीताई म्हणाल्या. "पण त्यालाही उजळच घर हवंय."

मंडळी निघाली. दारातून वडील म्हणाले, "कळवतो." या शब्दाचा अर्थ पुण्यात सगळ्यांना माहीत आहे. बहुधा सरदारलाही. त्या संध्याकाळी त्याने पाण्यालाही तोंड लावलं नाही.

*

दुसरं स्थळ जवळपास ठरलंच होतं. वाघोलीतलंच तरुण जोडपं, नवीन फ्लॅट, दोघांनाही कुत्र्यांची आवड. सरदारने मुलीचा हात हुंगला. आमच्या दृष्टीने हा साखरपुडाच! वैशालीताई आत कागद आणायला गेल्या आणि मला म्हणाल्या, "तोपर्यंत दोन शब्द बोला."

मी दोन शब्दांवर थांबायला हवं होतं. पण मनात आलं, एकदा घर सुटलेला जीव आहे, पुन्हा सुटलं तर? मी विचारलं, बदली झाली तर? नोकरी गेली तर? मूल झालं तर? आईवडील राहायला आले तर? मुलगी म्हणाली, "कुणाचे आईवडील?" मुलगा म्हणाला, "म्हणजे काय, माझे. आपलं ठरलंय ना?" मुलगी म्हणाली, "कधी ठरलंय?"

वैशालीताई कागद घेऊन बाहेर आल्या तेव्हा ती दोघं गाडीत बसून, काचा वर करून, हातवारे करत होती. थोड्या वेळाने गाडी निघून गेली.

वैशालीताईंनी हातातल्या कागदांची घडी घातली. मग म्हणाल्या, "सर, आपण इथे कुत्री देतो. घटस्फोट नाही!"

मी त्या दिवशी बसमध्ये उभाच राहिलो. जागा असूनही.

*

तुळशीचं लग्न झालं. पहिल्याच आठवड्यात शेजारी मांडव पडला. संध्याकाळी डीजे असा काही सुरू झाला, की आमच्या पत्र्यांना कंप सुटला. सरदार केनेलच्या कोपऱ्यात भिंत उकरायला लागला. वैशालीताईंनी साडीचा पदर खोचला आणि "आता बघतेच एकेकाला" म्हणत लॉन्सवर गेल्या.

बराच वेळ झाला. आवाज तसाच. मी आणि सानिका काळजीत. जाऊन बघावं, की पोलिसांना फोन करावा, की दोन्ही, याचा मी विचार करत होतो. तेवढ्यात ताई आल्या. केसांत गजरा, कपाळाला कुंकू, एका हातात जिलबीचा पुडा.

"ताई, काय झालं?"

"मुलीकडच्यांना वाटलं मी मुलाकडची. मुलाकडच्यांना वाटलं मुलीकडची. दोघांनी आग्रह करून वाढलं. बोलायला तोंड रिकामं हवं ना!"

"आणि आवाज?"

"मठ्ठा चांगला होता," ताई म्हणाल्या, आणि सरदारच्या केनेलमध्ये जाऊन, गजऱ्यासकट, त्याला धरून बसल्या. डीजे बंद होईपर्यंत उठल्या नाहीत.

*

आणि आता हा किस्सा. हा मी कट्ट्यावर सांगितला तेव्हा कुणी विश्वास ठेवला नाही. म्हणून सुरुवातीलाच सांगतो, सानिका आणि वैशालीताई साक्षीला आहेत.

दुसरं लग्न दुपारचं होतं. सकाळी डॉ. कांबळे येऊन गेल्या होत्या. सरदारचं वजन आणखी उतरलेलं. "आज फटाके असतील तर मला फोन करा," एवढंच बोलल्या. मी त्याच्या केनेलमध्ये पाठमोरा बसून वाचत होतो. तो मागे, सिमेंटच्या ओट्याखाली. वरातीच्या ढोलापासून तिथेच होता.

फाटक वाजलं. बघतो तर पैठणी नेसलेल्या, नथ घातलेल्या एक बाई. साठीच्या आतबाहेरच्या. कपाळ दाबून धरलेलं.

"इथे जरा शांतपणे बसता येईल का?"

"इथे?" मी म्हटलं. शंभर कुत्री भुंकत होती.

"तिथे डीजे आहे," त्या म्हणाल्या. "मी नवऱ्या मुलाची आई. आमच्यात मुलाच्या आईने लग्न लागताना बघायचं नसतं. सासूबाईंनी मला खोलीत बसवलं, आणि खोलीच्या खिडकीखालीच तो मेला स्पीकर!"

मी उठून खुर्ची शोधायला लागलो. तोवर बाई केनेलमध्ये येऊन, पैठणीसकट, माझ्या जागेशेजारी जमिनीवर बसल्याही. ओट्याखाली वाकून बघत म्हणाल्या, "याला काय झालंय?"

"आवाज सहन होत नाही."

"मलाही होत नाही. याला निदान कुणी विचारतं तरी." मग त्याच्याकडे बघतच म्हणाल्या, "सोमवारी ही दोघं जर्मनीला चाललीत. सासूबाई दिरांकडे असतात. मग आमच्या घरात आवाज म्हणजे एक मी आणि एक फ्रिज."

माझ्या मनात प्रश्न जमा व्हायला लागले. घर कितव्या मजल्यावर, तब्येत कशी, बाकी कोण आहे. तोंड उघडणार, तोच दारात सानिका आणि तिच्यापुढे वैशालीताई दिसल्या. ताईंनी बोट ओठांवर ठेवलं आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी प्रबंधात डोकं घातलं.

पलीकडे मंगलाष्टकं सुरू झाली. लाउडस्पीकरवरून गुरुजी "सावधान" म्हणाले की इकडे शंभर कुत्री ओरडायची. पुन्हा "सावधान", पुन्हा शंभर कुत्री. बाई हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसायला लागल्या. पोटच्या पोराचं लग्न भिंतीपलीकडे लागत होतं, आणि त्या मुठीत अक्षता धरून बसल्या होत्या. ओट्याखालून एक नाक बाहेर आलं. मग एक पडलेला कान. मी पान उलटायचं थांबवलं.

शेवटचं "सावधान" झालं. ताशा वाजला, आणि फटाक्यांची भली मोठी माळ लागली. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा सरदार ओट्याखाली नव्हता. भिंतीशी नव्हता. तो बाईंच्या मांडीत होता, पैठणीच्या काठात तोंड खुपसून. बाईंनी दोन्ही हातांनी त्याचे कान घट्ट झाकले होते. अक्षता त्याच्या डोक्यावर सांडल्या होत्या. माळ संपेपर्यंत तिघंही हललो नाही.

फाटकातून फेटा बांधलेले एक गृहस्थ धावत आले. "अहो वहिनी! तिकडे सगळे शोधताहेत! नवरा-नवरी नमस्काराला उभी आहेत!"

"त्यांना इकडे पाठवा, भाऊजी. मला उठता येत नाहीये."

आणि खरंच, मुंडावळ्या बांधलेली, उपरण्या-शेल्याची गाठ सांभाळत, ती दोघं आमच्या केनेलच्या दारात आली! मागे फोटोग्राफर. त्याच्या मागे अर्धं वऱ्हाड. मुलगा आणि सून वाकली. सरदारने एक डोळा उघडून दोघांना बघितलं, पैठणीवर पडलेल्या दोन अक्षता चाटल्या आणि डोळा मिटला.

"आई, चल ना," मुलगा म्हणाला. "फोटो राहिलेत. आणि हा कोण?"

"हळू बोल," बाई म्हणाल्या. कानांवरचे हात काढले नाहीत. सुनेकडे बघून हसल्या, मग दिराला म्हणाल्या, "भाऊजी, गाडीपुढचा बँड बंद करायला सांगा, आणि मागची सीट रिकामी ठेवा. आज आपल्याकडे गृहप्रवेश दोघांचा आहे."