देव अणदूरला, मोटार नळदुर्गला

आमच्याकडं खंडोबा एक आणि त्याची देवळं दोन. एक अणदूरला, एक नळदुर्गला. वर्षातला बराच काळ देव अणदूरला राहतो आणि जत्रेच्या दिवसांत दोनेक महिने नळदुर्गला येतो. देव हलवायच्या वेळी दोन्ही गावचे मानकरी समोरासमोर बसतात आणि कागदावर करार लिहितात. देव कधी नेला, कधी परत आणायचा, सगळं. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण बाहेरच्या माणसाला ते ठाऊक नसतं आणि मग आमच्या मोटारीचा कारभार त्याला खुळ्यांचा खेळ वाटतो. सोलापूरच्या विमेवाल्याला तसाच वाटला होता.

मोटार दोघांची होती. मी नळदुर्गचा, भागीदार अणदूरचे. त्यांचं भुसाराचं दुकान होतं. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, घरात कानडी आणि दुकानात मराठी. माझ्यापेक्षा बरेच मोठे. मी त्यांना अण्णा म्हणायचो आणि ते मला तम्मा म्हणायचे, म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. शाळा मी तिसरीपर्यंत केली, तीही निजामाच्या राज्यातली, उर्दूची. पण मोटार अशी चालवायचो की तुळजापूरच्या घाटात मागं बसलेल्याच्या तांब्यातलं पाणी हिंदकळत नसे. कोणी म्हणेल, म्हातारा बढाया मारतो. म्हणू द्या. त्या मोटारीत बसलेलं आता कोणी उरलं नाही, तेव्हा माझंच खरं.

हैदराबादला बदलून गेलेल्या एका अंमलदाराची ती जुनी मोटार. टप कापडाचा, ठिगळं लावलेला. हँडल मारल्याशिवाय जागी व्हायची नाही. महायुद्धात पेट्रोल मिळेना, तेव्हा मागं कोळशाची भट्टी बसवून ग्यासवर चालवली. सोलापूरला उतरलेली माणसं वखारीतून आल्यासारखी दिसायची. तरी बसायची. दवाखान्याला जाणारी, लग्नाचं कापड आणणारी, कोर्टाच्या तारखेवाली. माझी बैलजोडी विकली गेली आणि अण्णांच्या दुकानातला माल गेला, तेव्हा ती आमच्या दारात आली.

आता दारात म्हणजे कुणाच्या, यावरून पहिल्याच आठवड्यात तोंडं वाकडी झाली. शेवटी आम्ही देवाकडं बघून ठरवलं. देव ज्या गावात असेल, ते सोडून दुसऱ्या गावात मोटार. देव अणदूरला असला की मोटार माझ्या दारच्या लिंबाखाली, आणि देव नळदुर्गला आला की मोटार अण्णांच्या दुकानापुढं. म्हणजे कुठलंच गाव रिकामं नाही. अण्णांच्या वाट्याला महिने कमी यायचे, पण त्यांना हौस एवढीच की जत्रेच्या गर्दीनं जाता-येता दुकानापुढं मोटार बघावी. तेवढ्या दिवसांत ते पोरांना चाकाला हातसुद्धा लावू द्यायचे नाहीत.

सोलापूर इंग्रजांचं आणि आम्ही निजामाचे. मधे नाके. आमच्या बाजूला करोडगिरीचा, तिथं गाठोडी सोडून जकात घ्यायचे. त्यांच्या बाजूला एक हवालदार, तो मोटारीचे कागद बघायचा. आम्हाला तो मोगलाई म्हणायचा. एके दिवशी त्यानं आडवा हात केला.

"ए मोगलाई, पुढच्या महिन्यापास्नं विम्याचा कागद लागंल. न्हाय तर इथनंच माघारी."

"विमा माणसाचा असतोय की," मी म्हटलं.

"आता मोटारीचाबी लागतोय. तुझ्या मोटारीखाली कोण आलं तर भरून कोण देणार?"

"माझ्या मोटारीखाली कोण येत न्हाय."

"सगळे असंच म्हणत्यात. कागद आण."

मागच्या बाकावरून अण्णा म्हणाले, "आणू हवालदारसाहेब. काढ गाडी, तम्मा." सोलापूरची फेरी बंद म्हणजे मोटार बंद. आणि उमरग्याकडचा एक नवीन मोटारवाला आमच्या रस्त्यावर टपूनच बसला होता.

मग आम्ही दोघांनी सोलापूर पालथं घातलं. पहिल्या कचेरीत डोक्यावर पंखा फिरत होता. कारकुनानं आकडा सांगितला, तोही कलदारात, म्हणजे इंग्रजी रुपयांत. आमचा निजामाचा हाली सिक्का तिथं कोण घेतो. अण्णा उठून उभेच राहिले. "साहेब, आम्ही विमा काढाया आलोय, नवी मोटार घ्यायला न्हाय." दुसऱ्या ठिकाणचा माणूस खाली येऊन मोटार बघून गेला. तिच्याभोवती फिरला, टपाचं ठिगळ बोटानं चाचपलं, आणि म्हणाला, "हिचा विमा काढला तर आमचाच काढावा लागंल." मी त्याला तिथंच दोन शब्द सुनावले. अण्णांनी माझं धोतर ओढलं म्हणून तेवढ्यावर राहिलं.

तिसरा एजंट एका चादरीच्या दुकानाच्या माडीवर बसायचा. बारीक माणूस, काळा कोट, कोटावर सुपारीचा चुरा. त्याचा दर आम्हाला झेपेल असा होता. अण्णांनी जिना चढतानाच मला बजावलं होतं की तू बोलू नकोस. पण त्यानं विचारलं मला.

"मोटार रात्री कुठं असते?"

"देव अणदूरला असला की नळदुर्गला. देव नळदुर्गला असला की अणदूरला."

त्यानं टाक खाली ठेवला. "पाहुणे, थट्टा करायला जिना चढून आलात काय?"

अण्णांनी कानडीत त्याला सगळं समजावून सांगितलं. त्याला कानडी चांगली येत होती. तो हसला, पण ऐकेना. "देवाचं देवाला ठीक आहे. माझ्या कंपनीला एक मालक पाहिजे आणि एक जागा पाहिजे. ज्याच्या नावावर कागद, त्याच्याच दारात मोटार. दोन मालक, दोन जागा म्हटलं की दर बदलला." आणि बदललेला दर त्यानं सांगितला. तो पंख्याखालच्या पहिल्या कचेरीपेक्षा वर होता.

"नाव कुणाचं घालू?" त्यानं विचारलं.

आम्ही दोघांनी जिन्याकडं बघितलं. एकमेकांकडं बघितलंसुद्धा नाही. मग खाली येऊन हॉटेलात बसलो. भजी आली, कुणी हात लावला नाही.

मी म्हटलं, "अण्णा, तुमचं नाव लागलं तर मी तुमचा गडी दिसणार. नाक्यावर विचारलं मालक कोण, तर मी काय सांगू? मागं बसलाय म्हणून सांगू?"

"आन तुझं लागलं तर मी काय? भाडं देऊन बसलेला पाशिंजर?"

"चालवतोय कोण?"

"टायर घेतलं कुणी?"

"बैलं गेली कुणाची?"

"तुझ्या बैलाचं रोज सकाळी नाव काढतोयस. मी कधी माझ्या मालाचं काढतो का?"

"आत्ता काढलंत की."

अण्णांनी भज्याची बशी माझ्याकडं ढकलली, मी परत त्यांच्याकडं ढकलली. हॉटेलवाल्यानं शेवटी पुड्यात बांधून दिली. कागद न काढता आम्ही घरी आलो. महिना संपला आणि मोटार माझ्या दारात उभी राहिली. अण्णा अणदूरहून येईनात, मीही गेलो नाही. माझी बायको म्हणायची, जा की, दोन पावलांवर तर आहे. मी म्हणायचो, दोन पावलं त्यांनाही आहेत.

मग देव नळदुर्गला आणायचा दिवस आला. करार ऐकायला दोन्ही गावची माणसं जमली. आम्ही दोघंही गेलो होतो, दोन टोकांना उभे. करार वाचून झाला, भंडारा उधळला गेला. तेवढ्यात अणदूरच्या एका म्हाताऱ्या मानकऱ्यानं मला हाक मारली.

"का रं, तुमची मोटार दिसंना रस्त्यावर? आजारी हाय का?"

मला सांगावंच लागलं. अण्णा गर्दीतून पुढं आले आणि त्यांनी त्यांची बाजू सांगितली. म्हाताऱ्यानं दोघांचंही ऐकून घेतलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "दोन गावचा देव आमी एका कागदावर भागवतो आन तुमाला एक लोखंड भागवता येईना? एक वरीस ह्याचं नाव, एक वरीस त्याचं. मोटार नावाच्या मागं. त्यात भांडाया काय हाय?"

लोक हसले. मला ते हसणं लागलं, पण म्हातारा चुकीचं बोलला नव्हता. लिहिणारा तिथंच बसला होता, त्यानं टाक पुन्हा बुडवला.

"पयलं वरीस कुणाचं?"

अण्णांनी तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "अण्णांचं." कुणी मागितलं नव्हतं. मी दिलं. मागून घेतलेलं आणि दिलेलं यांत फरक आहे, आणि तो अणदूरच्या लोकांसमोरच दाखवायचा होता मला.

अण्णांच्या नावाचा कागद आला आणि मोटार अणदूरला गेली. जत्रेचे महिने संपून देवही अणदूरला गेला. नळदुर्गात लोक मला विचारायचे, "काय हो, देवबी गेला आन मोटारबी गेली. तुमी कवा जाताव?" मी रोज उजाडायच्या आत चालत अणदूरला जायचो, हँडल मारायचो, आणि अंधार पडल्यावर चालत परत यायचो. उन्हाळ्यात चप्पल फाटली तसा अनवाणी गेलो. अण्णांनी नवीन चप्पल दुकानाच्या पायरीवर ठेवली. मी ती घातली नाही. दुसऱ्या दिवशीही ती तिथंच. तिसऱ्या दिवशी अण्णांच्या घरातल्या वहिनी बाहेर येऊन म्हणाल्या, "भाऊजी, कुत्रं नेईल ती, घाला." मग घातली. वहिनींचं मोडता येत नाही.

कागद घेऊन पहिल्यांदा नाक्यावर गेलो, तेव्हा हवालदारानं तो उलटा-सुलटा करून बघितला.

"मालक कोण?"

मी उत्तर तयार करून ठेवलं होतं. तेवढ्यात मागून अण्णांचा आवाज आला. "मालक म्होरं बसलाय, हवालदारसाहेब. मी नुसता कागदावर हाय."

हवालदाराला काही कळलं नाही. त्यानं हात हलवला आणि मी गाडी काढली. पुढं बराच वेळ मला रस्ता नीट दिसत नव्हता. धूळ लई होती त्या दिवशी.

पुढच्या वर्षी माझ्या नावाचा कागद आणायला अण्णा एकटेच सोलापूरला गेले. मला म्हणाले, तू आलास तर एजंटाशी भांडशील. कागद इंग्रजीत होता. माझं नाव कुठं आहे ते अण्णांनी बोट ठेवून दाखवलं. मला ती अक्षरं येत नव्हती, पण किती लांब आहेत ते बघून ठेवलं. मोटार माझ्या दारात आली, लिंबाखाली.

आणि तिथंच राहिली. त्या वर्षी मुलखात गडबड सुरू झाली. नाके बंद, रस्ते बंद. कोण कधी येईल आणि काय जाळील याचा नेम नव्हता. चाकं काढून आम्ही माळ्यावर लपवली आणि मोटार कडब्यानं झाकली. आख्खं वर्ष ती कडब्याखाली. पुढं पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, रस्ते उघडले. आम्ही कडबा काढला. आत चिमण्यांनी घरटं केलं होतं. पिल्लं उडून जाईपर्यंत अण्णांनी मला हँडल मारू दिलं नाही.

विम्याची मुदत संपलेलीच होती. एसटी तेव्हा नव्हती, म्हणून दोघं आधी बैलगाडीनं आणि मग दुसऱ्याच्या मोटारीनं सोलापूरला गेलो. एजंट त्याच माडीवर, त्याच कोटात. मी बसलो आणि म्हटलं, "साहेब, आमचं गेलं वरीस परत द्या."

"म्हणजे?"

"पैसे घेतले, पण मोटार उभी होती. कोण आलं तिच्याखाली? चिमण्या वरती होत्या."

तो म्हणाला, मोटार उभी असली तरी विमा चालूच असतो. मी म्हटलं, चालू होता तर आम्हाला त्यावर बसवून सोलापूरला का नाही आणलं. बराच वेळ हे चाललं. शेवटी त्यानं हात जोडले आणि विचारलं, "ह्या वर्षी नाव कुणाचं?"

"अण्णांचं," मी म्हटलं. "करारानं त्यांची पाळी."

"तम्माचं घाला," अण्णा म्हणाले.

"करार म्हंजे करार, अण्णा."

"तुझं वरीस कडब्याखाली गेलं. तुझ्या नावाचा कागद घेऊन एकदाबी नाक्यावर गेला न्हाईस तू."

"ती माझी गरज न्हाय."

"तुझी न्हाय, माझी हाय. मागं बसून मला एकदा ऐकायचंय, 'मालक कोण' म्हटल्यावर तू काय सांगतोस ते."

मी उठून जिन्याकडं निघालो. अण्णांनी एजंटाला कानडीत काहीतरी सांगितलं. एजंटानं टाक उचलला आणि लिहायला लागला. मी परत येऊन बघितलं, तर अक्षरं तेवढीच लांब होती, जेवढी मागच्या कागदावर होती.

नवीन कागद खिशात घालून चार दिवसांनी मोटार रस्त्यावर काढली. हवालदाराचा नाका तेवढ्या चार दिवसांत उठला होता. झोपडीचं छप्परसुद्धा कुणी काढून नेलं होतं. विचारणारं कोणी नव्हतं. मी वेग कमी केला नाही. पण थोडं पुढं गेल्यावर अण्णांनी खांद्यावर हात ठेवून गाडी थांबवायला लावली, खाली उतरले, आणि येऊन पुढं माझ्या शेजारी बसले. आजवर कधी बसले नव्हते. सोलापूर येईपर्यंत कुरकुर करत राहिले की इंजनाच्या धगीनं गुडघे भाजतात, आणि ह्या जागेवर माणसानं बसावं तरी कसं.