शेवंती नसलेल्या हिरामावशी

पुस्तक हातात घेऊन आलेल्या माणसाला हिरामावशी आधी बोंबील घ्यायला लावत, मगच बोलत. डहाणूच्या बाजारात सुक्या मासळीच्या रांगेत त्या अगदी शेवटी बसायच्या. मीही पहिल्यांदा गेले ती कादंबरी घेऊनच. इथल्या शाळेत नुकतीच बदली होऊन आले होते आणि मला शेवंती प्रत्यक्ष बघायची होती. मावशींनी पुस्तकाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. किती देऊ, एवढंच विचारलं. मी मासे खात नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग शेजारणीला द्या, बाई. फुकट बघायला मी काय जत्रेतली बाहुली नाय." मी निमूटपणे बोंबील घेतले आणि घरमालकिणीला नेऊन दिले.

शेवंती म्हणजे आमच्या किनाऱ्यावरच्या लोकांना जीव की प्राण असलेल्या तीन कादंबऱ्यांची नायिका. त्या लिहिणारे मास्तर नोकरीसाठी इथे आले होते आणि मावशींचं नेहमीचं गिऱ्हाईक होते. मावशींचा नवरा मासेमारीला गेला तो होडीसकट बेपत्ता झाला. मास्तरांनी ती हकीगत ऐकली आणि शेवंती उभी केली: जन्मभर किनाऱ्यावर नवऱ्याची वाट बघणारी, कधीही न हसणारी. मास्तर वारले, पण शेवंती घराघरात राहिली. उंबरगावाहून माणसं तिला बघायला येत आणि मावशींबरोबर फोटो काढून जात.

खऱ्या मावशी भलत्याच खिदळणाऱ्या होत्या. शेजारच्या कोळणीची नक्कल करायच्या आणि स्वतःच डोळे पुसायच्या. मात्र कुणी पुस्तकवालं दिसलं की पदर नीट करून गप्प बसायच्या. लोकांना तेच बघायचं असतं, म्हणायच्या. वाट बघण्याचं विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "एक पावसाळा बघितली. मग पोटात कावळे ओरडायला लागले, तशी टोपली उचलली. हे मी मास्तरांना पण सांगितलं होतं. त्यांनी ते घेतलं नाय."

उधवा गावचे धनजीभाई आठवडी बाजारांत सुकी मासळी विकत. विधुर माणूस, बोलायला कमी, टेम्पो स्वतः चालवायचे. माल मावशींकडूनच भरायचे. मी इथे येण्याच्या कितीतरी आधी त्यांनी मावशींना मागणी घातली होती. मावशींचा होकार होता, त्यांचा भाऊही राजी होता. पण बातमी फुटली आणि वाचनालयातली मंडळी घरी येऊन बसली. शेवंतीनं असं करणं बरं दिसत नाही, असं त्यांनी फार प्रेमानं समजावलं. ज्यांनी पुस्तकाचं पानही उलटलं नव्हतं त्या आळीतल्या बायकांनाही शेवंतीचा मोठेपणा तोंडपाठ होता. भाऊ कच खाऊन बसला. धनजीभाई माल भरायला येत राहिले, आणि दोघं वजनकाट्याच्या दोन बाजूंना उभी राहून दराची घासाघीस करत राहिली. हे सगळं मला मावशींनीच सांगितलं, हसत हसत. मला काही हसू आलं नाही.

मग त्या कादंबऱ्यांवर मुंबईच्या मंडळींनी नवं संगीत नाटक बसवलं. आमच्या भागातला प्रयोग तलासरीला, हायवेलगतच्या मोठ्या हॉलमध्ये दुपारी ठेवला होता. मावशींना मानाचं आमंत्रण होतं आणि सोबतीला मी. एसटीत त्या खिडकीशी बसल्या आणि जरा वेळानं म्हणाल्या, "आज सांगून टाकते, बाई. सगळे एका जागी परत कधी गावणार? त्यांना पण यायला सांगितलंय." 'ते' म्हणजे धनजीभाई. मावशींचे पाय आता दुखत होते, आणि उधव्याच्या घरात एकटं जेवणारं माणूस होतं. आता कुणाला काय फरक पडणार, असं त्यांना वाटत होतं. मलाही तसंच वाटलं.

हॉल खचाखच भरला होता. पहिल्या गाण्यालाच बायकांनी डोळ्यांना पदर लावले. माझ्या मागचे एक निवृत्त गृहस्थ प्रत्येक वाक्य नटीच्या आधी पुटपुटत होते आणि शब्द बदलला की 'च्' करत होते. पहिल्या अंकात शेवंती नवऱ्याबरोबर खळखळून हसते, असा एक प्रसंग नाटकवाल्यांनी नवा घातला होता. मध्यंतरात त्याच्यावरून गदारोळ झाला. शेवंती हसते कुठे, हा काय पोरखेळ आहे, असं म्हणत लोक चहाच्या टेबलापाशी तावातावानं बोलत होते. मावशी मात्र त्या प्रसंगावर बेहद्द खूश होत्या. "एवढं एकच खरं हाय," त्या माझ्या कानात म्हणाल्या.

शेवटच्या प्रवेशात शेवंती एकटी किनाऱ्यावर उभी राहून गाते. सगळा हॉल तिच्याबरोबर गायला लागला. तरुण पोरांनी मोबाइल वर धरले. पडदा पडला तेव्हा शेजारची अनोळखी बाई माझा हात धरून रडत होती. मग मावशींना रंगमंचावर नेऊन शाल-श्रीफळ दिलं, आणि माणसं उठून उभी राहिली. टाळ्या थांबेनात. दोन शब्द बोला म्हणून मावशींच्या हातात माइक आला.

"तुमी सगळे माझ्यासाठी रडलात," मावशी म्हणाल्या. "आता एक सांगते. मी उधव्याच्या धनजीभाईंशी लगीन करणार हाय. ते इथेच बसलेत."

अख्खा हॉल हसला. त्यात कुचेष्टा नव्हती. लाडक्या माणसानं गंमत केली की हसावं तसे सगळे हसले. निवेदक म्हणाला, शेवंतीबाईंची विनोदबुद्धी बघा, आणि पुन्हा टाळ्या पडल्या. मावशींनी तिसऱ्या रांगेत पाहिलं. धनजीभाई इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. शेजारचे लोक त्यांच्या पाठीवर थापा मारत होते. ते अर्धवट उठले, चारी बाजूंनी वळलेली तोंडं बघितली आणि हात जोडून कसंनुसं हसले. मावशींनी माइक परत दिला. मला त्या हसणाऱ्यांचा राग आला आणि धनजीभाईंचा त्याहून जास्त.

परतताना शाल मावशींच्या मांडीवर होती. चारोटी नाक्यापर्यंत त्या तिच्या घड्या घालत-मोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढी माणसं रडली, बाई. एकाला पण माझं लगीन नको." धनजीभाईंबद्दल त्यांनी एक शब्दही काढला नाही.

पुढच्याच वर्षी तापाचं निमित्त होऊन मावशी गेल्या. बाजाराच्या तोंडाशी श्रद्धांजलीचा मोठा फ्लेक्स लागला. त्यावर त्या नटीचा फोटो होता, शेवटच्या प्रवेशातला, आणि खाली ठळक अक्षरांत 'शेवंती'. धनजीभाई टेम्पो बाजूला लावून त्याच्यासमोर उभे होते. फ्लेक्स बांधणाऱ्या मंडळाच्या पोरांना ते म्हणाले, "हिराबाई नाव होतं तिचं. तेवढं तरी लिहा."

त्यातला एक जण अदबीनं म्हणाला, "काका, तसं लिहिलं तर लोकांना कळणार नाय कोण गेलं ते."