जवसाचं पाणी अन् देवीची जट

नातसुनेनं परवा मला एक बाटली दाखवली. न्हाल्यावर ओल्या केसांना लावायचं, धुऊन टाकायचं नाही, तसंच राहू द्यायचं, केस मऊ राहतात अन् गुंता होत नाही, असं ती मला समजावून सांगत होती. बाटलीवर निळ्या फुलाचं चित्र. फूल जवसाचं. ज्याची अर्धी जिंदगी जवसाच्या रानात गेली त्याला जवस म्हणजे काय ते बाटली वाचून सांगायचं. मी म्हणालो, उघड. बोटावर घेतलं, हुंगलं. अत्तरवाल्याच्या दुकानात म्हैस शिरल्यासारखा वास. चित्र सोडून जवसाचं त्यात काही नसावं.

हे पाणी मी स्वतः करत होतो. निजामाचा अंमल होता तेव्हा, रझाकारांचा धुमाकूळ सुरू व्हायच्या तीन-चार वर्षं आधी, बोरीच्या शिवारात, मातीच्या गाडग्यात. पहिल्यांदा कशासाठी केलं ते नातसुनेला माहीत नाही, माझ्या पोराला पण नाही. जिच्यासाठी केलं ती गेल्या श्रावणात गेली. आता सांगायला कुणाची भीती नाही.

माझी बायको पिंगळीची. पिंगळीला रेल्वेचं ठेसन, त्यामुळे तिकडच्या माणसांना वाटायचं की गाडी आपल्यासाठीच थांबते. तिच्यात बी तो तोरा होता. केस मात्र खरंच तोऱ्याचे. पाटावर बसली की जमिनीला टेकायचे. आमच्या घरच्या बायकांना ते बघवत नव्हते. चुलती म्हणायची, एवढ्या केसांना तेल पाजायचं तर घाणाच बांधावा लागंल.

पहिलं बाळंतपण आमच्याकडंच झालं. पोरगी चार दिवस जगली. मग हिला ताप भरला तो दीड महिना हटला नाही. जिंतूरच्या हकिमाचा काढा झाला, अंगारा झाला, जो येईल त्याचं ऐकून झालं. तापात डोक्याला पाणी लावू नये म्हणून कुणी पाणी लावलं नाही. वर एरंडेल ओतलं, फडकं आवळून बांधलं, बाजेखाली ओव्याची धुरी दिली. तेल, घाम, धूर अन् दीड महिना एकाच कुशीवर. ताप उतरल्यावर फडकं सोडलं तर मानेच्या वर केसांचा कवठाएवढा गोळा. कडक, चिकट, बोट शिरत नव्हतं. आंधळ्यानं हात लावला असता तरी म्हणाला असता, गुंता आहे. पण आमच्या घरात शहाणी माणसं फार.

चुलती म्हणाली, जट आली.

बाईच्या डोक्यात जट आली की देवीनं तिला मागून घेतली, असं तेव्हा मानायचे. जटेला फणी लावायची नाही, कात्री लावायची नाही. लावली तर घरचा कर्ता रक्त ओकून मरतो. त्या बाईचं येत्या पुनवेला देवीशी लग्न लावायचं, हातात परडी द्यायची, अन् तिनं मंगळवारी-शुक्रवारी दारोदार जोगवा मागत हिंडायचं. नवरा मोकळा. मोकळ्या नवऱ्याला दुसरी बायको करायला पंच बी अडवत नव्हते.

आता आम्ही गळ्यात लिंग बांधणारी माणसं. माझी माय दुसऱ्याच्या घरचं पाणी पिताना दहा वेळा विचार करायची. पण भ्याली तेव्हा तिनंच गावातल्या म्हाताऱ्या जोगतिणीला ओसरीवर बसवलं, पायावर पाणी घातलं. जोगतिणीनं गोळा चाचपला, डोळे फिरवले अन् सांगितलं की देवी हाय. जट पिवळ्या फडक्यात बांधा, पुनवेपर्यंत कुणी उघडून बघू नका, दर मंगळवारी वरून हळदकुंकू वाहा. मठातल्या स्वामींना मी विचारून बघितलं. त्यांनी कपाळाला भस्म लावलं अन् म्हणाले, जे होतंय ते होऊ द्या. एवढं ऐकायला मी दोन कोस चाललो होतो.

माय रडायची, आणि रडत रडत चुडाव्याच्या एका पोरीचं वर्णन करायची. उंचीला बरी, रंगानं उजळ, माणसं आपल्यातलीच. म्हणजे बोलणं आधीच लागलेलं होतं. माझ्या बायकोला घरातली सगळी आता अहो-जाहो करत होती, जेवायला वेगळं ताट देत होती. जित्या माणसाला पाहुणं करून टाकलं होतं.

मी काय केलं? काही नाही. सुगीचं निमित्त करून शेतातल्या कोपीवर राहिलो. कर्ता मीच, म्हणजे रक्त ओकायची पाळी माझी. दांडगा गडी, पोतं एका हातानं उचलणारा, फणीला भीत होतो.

ती भाकरी घेऊन शेतात यायची. आठव्या दिवशी भाकरीचं गाठोडं सोडलं अन् समोर बसली.

"तुमाला बी वाटतं का, माज्या डोस्क्यात देवी हाय?"

मी म्हणालो, मला काय कळतंय.

"मला वाटतंय दीड महिन्याची घाण हाय. फणी लावून बघा. मेलात तर मी खोटी."

मी मेल्यावर ती खोटी ठरून मला काय फायदा, हे विचारायचं मला सुचलं नाही. मी तोंडात घास कोंबला. ती भांडी उचलून गेली. पुनवेला पंधरा-सोळा दिवस राहिले होते.

अक्कल शेवटी गाईनं दिली. गाय नुकती व्यालेली. व्यालेल्या गाईला जवस शिजवून त्याचा लगदा घालतात. तिच्या शेपटीचा गोंडा गोखराच्या काट्यांनी दोरखंडासारखा वळला होता. धार काढताना तोंडावर बसला की जाळ व्हायचा. एक दिवस तिनं शेपटी लगद्याच्या गाडग्यातच घातली. मी शिव्या दिल्या अन् सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी गोंडा हातात धरला तर काटे सटासट बाहेर. एक केस तुटला नाही. मी गाईच्या शेपटीकडं बघत बसलो. म्हणालो, इथं बी देवीच आली असंल, अन् जवस खाऊन गेली असंल.

त्या दिवशी बायको आली तेव्हा चूल पेटवून ठेवली होती.

करायला सोपं वाटतं, पण पहिलं गाडगं मी वाया घालवलं. जवस शिजवला अन् निवू दिला. निवल्यावर तो फडक्यातून गळेच ना. पिळलं तर फडक्यासकट हातातून निसटून मातीत. दुसरं करपलं. तिसऱ्या वेळी जमलं. मूठभर जवस चार-पाच तांबे पाण्यात भिजत घालायचा. दुपारी मंद जाळावर ठेवायचा अन् काडीनं हलवत राहायचं, हात थांबला की बुडाला धरतो. काडी वर उचलल्यावर शेंबडासारखी तार आली की लगेच उतरवायचं. हो, शेंबडासारखी. बाटलीवर असं लिहीत नाहीत. अन् कढत असतानाच जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचं, हात पोळला तर पोळू द्यायचा. वरून चार थेंब करडीचं तेल. बास. दोन दिवस टिकतं, तिसऱ्या दिवशी आंबतं. फेकून द्यायचं, दुसरं करायचं.

केस आधी ओले करायचे, मग हे बोटांनी चोळायचं अन् तसंच राहू द्यायचं. धुवायचं नाही. दुसऱ्या दिवशी गोळा कडेनं ढिला झालेला असतो. मग टोकाकडून सुरुवात. वरून ओढलं तर बाई किंचाळते अन् केस हातात येतो. टोकाकडची चार बोटं मोकळी झाली की तिथं परत पाणी लावायचं, मग वरची चार बोटं. आधी बोटं, मग लाकडी फणी.

पहिली बट सुटली तेव्हा तीन केस तुटले. मी रात्रभर रक्ताची वाट बघितली. सकाळी ठेच्यानं ठसका लागला तर थुंकी उकरून बघितली मी. बायकोला सांगितलं नाही. पुढं वीस वर्षांनी सांगितलं, तर ती मरेपर्यंत त्यावरून मला बोलत होती.

बायकोचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला गडी त्या काळात कुणी बघितला असता तर गावानं मला बांगड्या भरल्या असत्या. म्हणून कोपीच्या दाराला कडब्याची पेंढी लावायचो. ती म्हणायची, तुमच्या हातापेक्षा नांगर बरा. मी म्हणायचो, उठ मग, जा देवीकडं. ती म्हणायची, देवीच्या बी पदरी तुमच्यासारखाच नवरा पडला असंल, म्हून ती माझ्या डोस्क्यात येऊन बसली. असं चालायचं. कोपीत चार दिवसांच्या पोरीचं नाव निघालं नाही, पण एका दुपारी बायको रडली अन् मी फणी चालवत राहिलो.

गोळा निम्मा झाला तेव्हा अडचण आली. मंगळवारी माय फडक्यावर हळदकुंकू वाहायची, बोटांनी दाबून बघायची. गोळा लहान लागला तर सगळं कळणार. मग बायकोनंच उपाय काढला. दोराला आणलेला अंबाडीचा वाख होता, त्याची गुंडी वळली अन् पिवळ्या फडक्यात भरली. पुढचा मंगळवार अन् त्याच्या पुढचा मंगळवार माझ्या मायनं अंबाडीच्या गुंडीपुढं हात जोडले. चुलतीनं तर नवस बोलला. मी सोप्यात उभा राहून बघत होतो. हसू आलं नाही, किळस आली. हीच माणसं माझा संसार मोडायला निघाली होती, अन् त्यांना देवी अन् दोर यातला फरक कळत नव्हता.

शेवटची गाठ कानामागं होती. ती काही सुटेना. मी वैतागून म्हणालो, एवढी कापून टाकू, कुणाला कळतंय. तिनं फणी हातातून काढून घेतली.

"कापायची तर आधीच कापली असती. माझं मी कापलं असतं. तुमी सोडवा."

मी सोडवली. दोन दिवस लागले. अन् तेव्हा म्हणालो, "तुज्या डोस्क्याला कात्री लागू देणार न्हाई. मी हाय तवर."

पुनवेला अंगणात बायका जमल्या. जोगतीण परडी घेऊन आली. हिरवं लुगडं, खण, सगळी तयारी. माय मला बाजूला व्हायला सांगत होती. जोगतीण फडक्याला हात घालणार तोच बायकोनं स्वतःच गाठ सोडली. अंबाडीची गुंडी पाटावर पडली अन् केस खाली आले, जमिनीपर्यंत, सरळ, काळे, चकचकीत. कोंबडी आली अन् गुंडीला चोच मारून गेली.

जोगतीण मात्र पक्की. एक घटका सुद्धा गेली नाही. म्हणाली, देवी उतरली, माय, लेकरावर दया केली, लुगडं-खण तेवढं देवीचं देवीला द्या. अन् दिलं! सगळ्या बायकांनी तिच्या पायाला हात लावले. माझी पोळलेली बोटं कुणी बघितली नाहीत. चुलती पुढं जन्मभर सांगत राहिली की आमच्या घरी देवी येऊन गेली. गुंडीचं काय, असं कुणी विचारलं तर म्हणायची, देवीचं कौतुक देवीलाच.

चुडाव्याची पोरगी दुसरीकडं दिली. माय माझ्याशी महिनाभर बोलली नाही. पुढच्या सुगीत तिनं जवसाचा एक शेर वेगळ्या मडक्यात भरला अन् मडकं बायकोच्या फडताळात ठेवलं. कशाला ते बोलली नाही.

तेव्हापासून दर आठ दिवसांनी तिचं पाणी मीच केलं. पोरं झाली, राज्य बदललं, साबणाच्या वड्या आल्या, बाटल्या आल्या. पोरांना वाटायचं म्हातारा गाईसाठी जवस शिजवतो. वाटू दिलं.

गेल्या वर्षी ती अंथरुणाला खिळली. कूस बदलता येत नव्हती. मागचे केस परत गुंतू लागले. मी रोज थोडं थोडं पाणी लावायचो. आषाढात पिंगळीला तिचा भाऊ वारला. ती म्हणाली, माझ्या वाटचं तुमी जाऊन या. मी तीन दिवस गेलो. परत आलो तर डोकं भादरलेलं, बोटभर केस तेवढे ठेवलेले. पोराला विचारलं. म्हणाला, "आप्पा, गुंता लय झाला व्हता, तिला त्रास व्हायला लागला. न्हावी बोलावला. पाच मिन्टात मोकळी झाली." सुनेनं वर सांगितलं की आता पुसायला किती सोपं. केस कुठं आहेत विचारलं तर म्हणाली, उकिरड्यावर टाकले, मामंजी, त्यात काय ठेवायचं.

त्यांचं चुकलं असं म्हणायला मला जागा नाही. जोगतीण लबाड तरी होती. ही नुसती घाईची माणसं. पंधरा दिवसांचं काम होतं. पंधरा दिवस कुणी दिले नाहीत, अन् ते मागायला मी घरात नव्हतो.

मी बाजेजवळ बसलो. माझ्याच्यानं वर बघवेना. तिनं हात उचलून स्वतःच्या डोक्यावरून फिरवला, मग माझ्याकडं बघून म्हणाली, "आता देवी आली तर बसंल कुठं?"

मी जवस भिजत घातला. दुपारी शिजवला, कढत गाळला, चार थेंब तेल टाकलं अन् त्या बोटभर केसांना चोळलं. मग लाकडी फणी घेतली. बोटभर केसांतून फणी एका दमात निघून जाते. कुठंच अडत नाही.