आमचं पाणी उत्तम आहे

शिंपीणकाकूंच्या नळाच्या तोंडाला अस्तराचं फडकं बांधलेलं असे. रोज सकाळी त्या ते सोडत, तेव्हा त्यात शेंबडासारखा गाळ आणि केसाएवढ्या लाल अळ्या वळवळत. गरोदर सुनेला कावीळ झाल्यापासून त्या पाण्याचा घोट काकूंच्या घशाखाली उतरेना.

त्या दिवशी पाणीपुरवठ्याच्या पाहणीचा फॉर्म घेऊन आलेल्या मुलीने विचारलं, "चांगलं पाणी मिळालं तर महिन्याला किती जास्त द्याल?"

काका जिन्याकडे बघत म्हणाले, "छदामही नाही. आमचं पाणी उत्तम आहे."

जिन्यावर वरची खोली बघायला आलेला माणूस उभा होता. गल्लीत घरोघरी खोल्या भाड्याने द्यायच्या होत्या, म्हणून गल्लीभर पाणी उत्तमच होतं.

काकूंना नवऱ्याच्या त्या गोड आवाजाचीच ओकारी आली.

"अहो, थोडी तरी लाज बाळगा!" त्या म्हणाल्या. "पोरी, लिही. वरच्या खोलीचं अख्खं भाडं देऊ. आत सून पिवळीजर्द होऊन पडलीय, हवं तर तिलाही विचार."

तो माणूस चपला घालून चालता झाला.

"घ्या! आता कुठलं भाडं नि कुठलं काय!" काका ओरडले.

"मग माझं शिवणाचं मशीन विकेन," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी मुलीला लिहिलेला भाड्याचा आकडा खोडू दिला नाही.