प्लायवूड उकळणारा माणूस

आमच्या ह्यांनी एकदा माझ्या मोदकपात्रात प्लायवूड शिजवलं होतं. हसू नका, खरं सांगतेय.

हे म्हणजे नरहरी. नाव एकदा घेतलं, आता पुन्हा घेणार नाही. भांडुपच्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षं लोखंडी पत्रे तपासायची नोकरी केली. पत्रा मोजायचा, अर्धा मिलिमीटर कमी-जास्त भरला की नापास, जा परत. तीच खोड घरातही. भेंडी घेताना एकेकीचा शेंडा मोडून बघणार. विरारच्या बाजारातल्या भाजीवाल्या ह्यांना लांबून बघूनच भेंडीवर गोणपाट टाकायच्या.

दोन हजार सालच्या डिसेंबरात ह्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि दुसऱ्याच दिवशी चहा पिता पिता म्हणाले, "लीला, स्वयंपाकघरातली कपाटं मी करणार. माझ्या हातांनी."

"तुम्ही? अहो, कॅलेंडरचा खिळा ठोकायला तुम्ही शेजाऱ्यांना बोलावता!"

"म्हणूनच गं. जन्मभर दुसऱ्यांनी केलेला माल तपासला. स्वतः एक वस्तू केली नाही. एक तरी करू दे."

असं काही तोंड करून म्हणाले की मला नाही म्हणवेना. पण माझंही दुखणं होतंच. आधीची कपाटं एका कंत्राटदाराने भुशाच्या बोर्डाची करून दिली होती. एका पावसाळ्यात ती पुरीसारखी फुगली आणि सिंकखालचा कप्पा मसाल्याच्या बरणीसकट खाली आला. तेव्हापासून माझा संसार खोक्यांत. डाळ हवी असली की जमिनीवर बसायचं आणि उठताना गुडघ्यांच्या नावाने बोंब मारायची.

म्हणून मी सांगून टाकलं, "मृगाच्या आत व्हायला हवीत. माझी वर्षाची बेगमी भरायची असते. मृग लागला आणि कपाटं नसली, तर मी कंत्राटदाराला बोलावणार. मग तुम्ही ब्र काढायचा नाही."

"कबूल," म्हणाले.

झालं! जानेवारीभर नुसता शोध. भुशाच्या बोर्डाचं तर नावच काढायचं नव्हतं. ॲल्युमिनियमचं मीच हाणून पाडलं, स्वयंपाकघर आहे की दवाखाना? शेवटी गाडी प्लायवूडवर आली. त्यातही एक जात अशी, की पाण्यात उकळली तरी थर सुटत नाहीत. तसा शिक्काच असतो मागे.

"मग घ्या की ते," मी म्हटलं.

"शिक्क्यावर विश्वास ठेवायचा असता, तर कारखान्याने मला पगार कशाला दिला असता?"

आणि विरार स्टेशनपासून पार जूचंद्रपर्यंत पाच दुकानं फिरून, पाच दुकानांतून तळहाताएवढे पाच तुकडे आणले. प्रत्येकावर पांढरी चिठ्ठी, तिच्यावर मोत्यासारख्या अक्षरात दुकानाचं नाव. मोदकपात्रात पाणी भरलं, तुकडे सोडले, गॅस बारीक केला. तीन दिवस उकळायचं म्हणे! घरभर ओल्या गोणपाटाचा आणि डिंकाचा वास. दुसऱ्या दिवशी दुपारी सिलिंडर संपला. नवीन नंबर लावला तर तीन आठवडे थांबा. हा बाबा थांबतोय कुठला? रॉकेलचा स्टोव्ह काढून त्यावर पात्र चढवलं, आणि आमचं जेवण? पाव आणि केळी.

तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं. दोन तुकडे खारी बिस्किटासारखे सुटलेले, एक धनुष्यासारखा वाकलेला, चौथा कडेने उकललेला. पाचवा मात्र जसाच्या तसा! हे त्या छोट्याशा स्वयंपाकघरात अक्षरशः नाचले.

"कुठल्या दुकानाचा हो?" मी विचारलं.

नाच थांबला. चिठ्ठ्या डिंकाने चिकटवल्या होत्या. त्या कधीच्या सुटून पाण्यात त्यांचा लगदा झाला होता. सत्तावीस वर्षांचा तपासनीस, आणि ही अक्कल! आधी मला हसू फुटलं. मग रिकामा सिलिंडर दिसला, काळं पडलेलं मोदकपात्र दिसलं, फेब्रुवारी उजाडलेला दिसला आणि असं डोकं फिरलं की पिशवी भरून मी आगाशीला माहेरी निघून गेले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हे वाडीच्या फाटकात उभे. मनात म्हटलं, आले समजूत काढायला. पदर सारखा केला, थोडं रुसायचीही तयारी केली. तर हे माझ्याकडे न बघता माझ्या धाकट्या भावाला म्हणतात, "काशीराम, तुमच्या न्हाणीतली चूल अजून आहे ना?"

पिशवीत नवे पाच तुकडे!

काशीराम पोट धरून हसला. मी मात्र भडकणार, तेवढ्यात ह्यांच्या पायांकडे लक्ष गेलं. गुडघ्यापर्यंत धूळ. दोन दिवस तो टिकलेला तुकडा घेऊन पाची दुकानं पायी पालथी घातली होती. चौघे दुकानदार छातीठोकपणे म्हणाले, हा आमचाच. पाचवा जूचंद्रचा जितेश, पोरसवदा दुकानदार. तो म्हणाला, "काका, उकळल्यावर सगळे सारखेच दिसतात. खोटं कशाला बोलू?" म्हणून पुन्हा पहिल्यापासून.

"मृगाला अजून अवकाश आहे, लीला," हे हळूच म्हणाले. "एवढ्यात कंत्राटदार बोलावू नकोस."

माझा राग तिथेच विरघळला. काय करणार? पण नव्या तुकड्यांवरही तशाच चिठ्ठ्या बघून म्हटलं, "त्या आधी फाडा. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालतात ती काय शाईने? काशीराम, कोयता आण. पहिल्या दुकानाला एक खाच, दुसऱ्याला दोन, तशा पाचव्यापर्यंत."

तीन दिवस सुक्या झावळ्या घालून हंडा उकळत ठेवला. अख्खं घर गार पाण्याने अंघोळ करत होतं. माझी भावजय हंसा कुडकुडत म्हणाली, "वन्सं, भावोजींना सांगा, पुढच्या वेळी लोखंड उकळा, लवकर शिजेल!"

टिकला तो पाच खाचांचा. पाचवं दुकान जितेशचं. ज्याने हक्क सांगितला नव्हता, त्याचाच माल खरा निघाला!

त्याच्याकडून आठ बाय चारच्या पाच शीट टेम्पोने आल्या. लिफ्ट नव्हती, तिसऱ्या मजल्यावर चढवताना अख्खी बिल्डिंग हाताशी आली. खालच्या मजल्यावर नंदाखाल गावचे एडवर्ड मेस्त्री काम करत होते. त्यांनी करवत आणि रंधा उसना दिला, धरायचा कसा ते शिकवलं. वर्तमानपत्रं कापून आधी कागदी कपाटं झाली, मग खरी. एप्रिल-मे गेला. अंगठा दोनदा काळानिळा झाला. भुसा तर वरणात पण सापडायचा.

आणि मृगाच्या तीन दिवस आधी कपाटं उभी राहिली! मोरपंखी सनमायका माझ्या पसंतीचा. मी नुसती दारं उघडत होते आणि मिटत होते. एडवर्ड बघायला आले, मान डोलवली, आणि कोपऱ्यातल्या दाराशी थांबले. ते दार खाली चांगलं बोटभर तिरकं होतं.

"बिजागरी चुकली, नरहरीशेठ. दहा मिनिटांत सरळ करून देतो."

ह्यांचा चेहरा पडला. त्यांना ते आधीच दिसलं होतं. "नापासच आहे ते. काढा," म्हणाले.

"कोणी हात लावायचा नाही!" मी ओरडलेच. एडवर्ड दोन पावलं मागे सरले. "ह्यांनी केलंय ते. मला तसंच हवंय. सरळ दारं बाजारात पैशाला पासरी मिळतात!"

एडवर्ड हसत हसत करवत घेऊन खाली गेले. ह्यांनी त्या तिरक्या दारावरून हात फिरवला. मग म्हणाले, "लीला, अर्ध्या मिलिमीटरसाठी किती माल परत पाठवला मी. तो करणाऱ्या माणसाला काय वाटत असेल, हे कधी मनातसुद्धा आलं नाही बघ."

डोळे भरले होते त्यांचे. माझेही भरले. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती, वडिलांनी ठरवलेलं लग्न. पण खरं सांगू? नवरा मला पसंत पडला तो त्या दिवशी.