पावसाळ्यात पांढरं पडलेलं नेलपॉलिश

परभणीच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्राची प्रॅक्टिकलं घ्यायचे. पानावरची रंध्रं दाखवायला सोपी युक्ती होती. पानाच्या पाठीवर बिनरंगी नेलपॉलिश लावायचं, वाळलं की पापुद्रा सोडवून मायक्रोस्कोपखाली धरायचा. उन्हाळ्यात तो काचेसारखा निघायचा. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या पावसाळ्यात मात्र पापुद्रे दुधाळ निघायला लागले. बाटली खराब असेल म्हणून मानवतला माहेरी गेले तेव्हा दुसरी आणली. तिचंही तेच. तरी एक पापुद्रा पाहिला. रंध्रं कुठं दिसेनात, सगळीकडं बारीक गोल भोकं, एकमेकांना खेटून.

शेजारी रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये माझ्याबरोबरच नोकरीला लागलेले एक सर होते. त्यांना दाखवलं. बराच वेळ डोळा लावून ते म्हणाले, "मॅडम, ही भोकं पाण्यानं पाडलीत. नेलपॉलिश वाळताना गार पडतं. हवेतली वाफ त्यावर थेंब होऊन बसते. मग थेंबही उडून जातात, जागा तेवढी राहते."

त्यांनी नव्या मायक्रोस्कोपच्या खोक्यातलं थर्माकोल क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवलं, काचपट्टीवर ओतलं आणि बाजूला गरम पाण्याचं भांडं ठेवलं. बघता बघता पट्टी पांढरी झाली. ह्यातली भोकं तर रांगेत बसल्यासारखी होती. आम्हाला नादच लागला.

मग नामांतराच्या विरोधात जिल्हा पेटला. कॉलेज बंद झालं. सरांचं गाव जिंतूर तालुक्यात. तिथं त्यांची वस्ती जाळली. आई-वडील रानातून चालत बोरीला आले आणि तिथून एसटीनं परभणीला. हे मला कॉलेज उघडलं त्या दिवशी सकाळीच कळलं. सर येणार नाहीत असं मी धरून चालले होते, पण ते पहिल्याच दिवशी आले.

"घर राहिलं नाही," एवढंच म्हणाले.

काही लागलं तर सांगा, असं मी म्हटलं. त्यांनी विचारलं, "आई दिवसभर खोलीत नुसती बसून असते. तिला इकडं आणलं तर चालेल?"

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. स्टुलावर अवघडून बसल्या. सर पट्टी तयार करत होते.

"काय करायलास रे?"

"भोकं पाडायलोय."

"कशानं?"

"पाण्यानं."

त्यांना वाटलं पोरगा थट्टा करतोय. सरांनी ओली पट्टी पुढं धरली, "ह्याच्यावर हा कर." त्यांनी चष्म्याची काच पुसताना करतात तसा तोंडाचा हा केला. पट्टीवर पांढरी साय धरली. मायक्रोस्कोपमधून बघताना आधी नको तो डोळा मिटला. मी दाखवल्यावर दुसरा मिटला आणि पाहत राहिल्या.

"अगं बाई, मोहळ हाय की! लय नेटकं." मग डोळा न काढताच म्हणाल्या, "आमच्या आंब्याला मोहळ हुतं. त्याला बी धग लागली असंल."

सर बेसिनपाशी जाऊन नळ सोडून उभे राहिले. मी स्टुलापाशीच राहिले, आईंच्या खांद्याला हात लावून. त्याच म्हणाल्या, "अजून एक कर." त्या दिवशी सायंकाळपर्यंत आम्ही पट्ट्या करत राहिलो. प्रत्येक पट्टीवर हा त्यांनीच केला.

पुढं गावातली काही मंडळी परत बोलवायला आली. वडील जाऊन जळलेल्या घराची जागा बघून आले आणि म्हणाले, आता इथंच. शहराच्या कडेला त्यांनी दोन खोल्या बांधल्या. सरांनी डॉक्टरेट वेगळ्याच विषयात केली. त्या पट्ट्यांविषयी आम्ही कधी कुठं काही लिहून छापलं नाही.

सोळा वर्षांनी विद्यापीठाला नवं नाव मिळालं, त्यानंतर कधीतरी सर एका परदेशी नियतकालिकाची झेरॉक्स घेऊन स्टाफरूममध्ये आले. "मॅडम, हे लोक असली भोकं आता मुद्दाम पाडायला लागलेत."

"वाईट वाटतं का?"

"थोडं वाटलं," ते म्हणाले. "पण फोटो बघा, काय सुंदर आलेत."

तास सुरू व्हायची घंटा झाली तरी आम्ही दोघं ते फोटो पाहत होतो.